फूल येईस्तोवर

बुलढाणा जिल्ह्यात कुणाची ओळख करून घ्यायची तर आधी एकच गोष्ट विचारतात, घाटावरचे की घाटाखालचे? नाव, गाव, पोटापाण्याचं सगळं नंतर. मी सुलतानपूरची, म्हणजे घाटावरची, आणि दिली वडनेर भोलजीला, म्हणजे पार घाटाखाली. लग्न झालं तेव्हा महाराष्ट्र नवा नवा होता आणि मीही. पहिल्याच उन्हाळ्यात माझ्या पाठीवर घामोळ्यांचा असा बहर आला की शेजारच्या बायका बघायला येत. "घाटावरची हाये, नाजूक हाये," असं म्हणत त्या पाठीला मुलतानी माती लावायच्या आणि खुदुखुदु हसायच्या. हसण्याचा मला राग यायचा, मातीनं बरं वाटायचं.

घरात माणसं मोजकी. सासऱ्यांना मी मामाजी म्हणे. सासूबाईंना अख्खं घर बाई म्हणायचं, तर मीही बाईच म्हणू लागले. माझे यजमान मलकापूरला कापसाच्या एका जिनिंगमध्ये कामाला होते. रविवारी घरी यायचे आणि वडिलांपुढे त्यांच्या तोंडून 'हाव', म्हणजे 'हो', याशिवाय दुसरा शब्द फुटत नसे. धाकटे दीर फौजेत होते, तिकडे आसामात.

मी मॅट्रिक झाले होते. बुलढाण्याला शिक्षिकांसाठी दोन वर्षांचं ट्रेनिंग होतं. ते करून शाळेत शिकवायचं, हे माझं लग्नाआधीपासूनचं वेड. माझ्या वडिलांनी लग्नाच्या बैठकीत तसं बोलूनही घेतलं होतं आणि मामाजी "पाहू" म्हणाले होते. शेतकऱ्याच्या घरात 'पाहू' म्हणजे 'नाही', हे वडिलांना कळायला हवं होतं. ते स्वतः काय वेगळे होते? लग्नानंतर मी विषय काढला की मामाजी अडकित्ता घ्यायचे आणि सुपारी कातरत बसायचे. एवढी बारीक सुपारी मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही.

ते झाड दिरांनी आणलं. पहिल्या दिवाळीला रजेवर आले तेव्हा त्यांच्या लोखंडी पेटीत, ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं. बोटाएवढ्या जाड, उसासारख्या पेरांच्या पाच-सहा कांड्या आणि खाली नुसत्या पांढऱ्या मुळ्यांचा गुंता, माती नावाला नाही.

"बाई, हे फूलझाड हाये. तिकडे मोठमोठ्या झाडांवर बसते. फुललं की मानूस काम सोडून पाह्यत राह्यते. आमचे साहेब याले ऑर्किड म्हणतात."

मामाजींनी लांबूनच निदान केलं. "बांडगूळ हाये ते. माह्या आंब्यावर नका चढवू, आंबा खाऊन टाकीन."

"नाही बाबा. बांडगूळ झाडाचं रक्त पेते. हे नुसतं बसते. हवेवर जगते."

"म्हंजे काम नाही, धाम नाही, हवा खाते. सरकारी नोकरदार हाये," मामाजी म्हणाले, आणि फौजी मुलाकडे बघून स्वतःच हसले.

बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी आंब्याचा एक वाळका ओंडका शोधला, सुतळीनं त्याला ते झाड बांधलं आणि पडवीत टांगलं. दीर परत गेल्यावर त्या त्याच्याशी बोलायला लागल्या. मी विहिरीवरून येताना ऐकायची. "उठला काय? जेवला काय?" मी खाकरायची, मग त्या गप्प व्हायच्या.

थंडी पडू लागली तसं बाईंनी ते झाड पडवीतून काढून चुलीजवळच्या खुंटीला लावलं. सकाळ-संध्याकाळ पाणी, गोधडीचा एक तुकडा ओंडक्याभोवती. मुलगा तिकडे थंडीत पहाऱ्यावर, तर त्याचं झाड तरी उबेत राहावं, असं त्यांच्या मनात असणार. झाडही त्या लाडांना जागलं. कांड्यांच्या शेंड्यांवर चिमुकली पिल्लं फुटली, त्यांना इवल्याइवल्या मुळ्या. शेजारच्या बायका आल्या आणि "बाळंत झालं व माय तुमचं झाड" म्हणून गेल्या. फूल मात्र एकही नाही. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तेच. आणखी पिल्लं, आणखी गोधडी.

त्या दुसऱ्या हिवाळ्याच्या मध्यावर दीर रजेवर आले. चुलीजवळ टांगलेलं झाड बघून आधी त्यांना ओळखच पटली नाही आणि मग हसता हसता ते खालीच बसले.

"बाई, तू तं याले शेकून राह्यली!"

"मंग? थंडीनं काकडलं असतं थे."

"त्याले थंडीच पायजे. तिकडे हिवाळाभर उघड्यावर राह्यते. दिवसा ऊन, राती गारठा, पानी नाही. पानं गळून जातात, वाटते मेलं. अन मंग फागुनात असं फुलते की काय सांगू. थंडी खाल्ल्याबिगर याले फूल नाही." जाताना ते म्हणाले, "आता पुढच्या रजेत मले फुललेलं दाखव."

बाईंचा चेहरा उतरला होता. दोन हिवाळे आपण मायेनं त्याचं वाटोळं करत होतो, हे त्यांना लागलं. त्यांनी त्याच दिवशी गोधडी सोडली, पाणी बंद केलं आणि मला हाक मारली. "सूनबाई, थंड जागा कोनती आपल्या घरी?"

यात विचार करण्यासारखं काय होतं? थंड म्हटलं की विहीर. उन्हाळ्यात दुधाचं भांडं, लोणी, कधी आंब्याची पाटी, सगळं शिंक्यात घालून आम्ही विहिरीत सोडायचो आणि ते गारेगार वर यायचं. मग बाईंनी झाड शिंक्यात घातलं. संध्याकाळी दोघी मिळून दोर सोडायचो, पाण्याच्या थोडं वर ते लटकत राहायचं, आणि सकाळी वर काढून उन्हात टांगायचो. दिवसा ऊन, रात्री गारठा, दिरांनी सांगितलं तसं अगदी. मामाजी ओट्यावरून बघायचे आणि मान हलवायचे.

असे बरेच दिवस गेले. एका सकाळी मी एकटीच शिंकं ओढत होते. झाड वर आलं तर पानं ओलीचिंब, आणि हाताला चक्क कोमट. मी वाकून बघितलं, विहिरीतून वाफ निघत होती. हिवाळ्यात विहिरीचं पाणी कोमट असतं, आम्ही रोज पहाटे त्या पाण्यानं आंघोळ करायचो, आणि तरी दोघींच्याही ध्यानात आलं नव्हतं. मी बाईंना बोलावलं आणि त्यांचा हात धरून पानाला लावला.

बाई विहिरीच्या काठावर बसल्या आणि हसू लागल्या. हसताना डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पदरानं पुसलं तरी थांबेना. "अवं माय, सूनबाई, आपण याले रोज राती गरम पान्यानं आंघोळ घालून राह्यलो." मीही त्यांच्याशेजारी टेकले. सासू आणि सून म्हणून नाही, दोन वेड्या बायका म्हणून आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा हसलो. ही गोष्ट मामाजींनी गावभर केली ती वेगळीच. महिनाभर मला बघून लोक विचारायचे, पोराची आंघोळ झाली काय?

मग झाड धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, उघड्यावर ठेवलं, पण तोवर हिवाळा सरत आला होता. घाटाखालची थंडी तशीही पाहुण्यासारखी, आली म्हणेपर्यंत पिशवी उचलते. फाल्गुन आला तो नुसती हिरवी पानं घेऊन.

चैत्रात एकदा आम्ही दोघी अंगणात पापड वाळत घालत होतो. मी सहज म्हणाले, "हे झाड सुलतानपूरला असतं तर फुललं असतं, बाई. नाहीतर बुलढाण्याला. तिथे हिवाळ्यात दात वाजतात."

बाईंनी हातातला पापड खाटेवर ठेवला आणि माझ्याकडे टक लावून पाहिलं. मला वाटलं, माहेरची बढाई मारली म्हणून रागावल्या.

त्या दिवशी मामाजी जेवायला बसले तेव्हा बाईंनी भाकरी वाढता वाढता सुरुवात केली. "थे झाड घाटावर न्या लागते."

"न्या मंग. बुलढान्याले तुही बहीन हाये. ठेवा तिच्या आंगनात."

"तिले काय समजते? तिनं पानी घातलं तं? पोरानं मोठ्या जिवानं आनलं. झाडापाशी आपल्या घरचं मानूस पायजे."

"कोन जाईन?"

"सूनबाई जाईन. तिले घाटावरची हवा मानवते बी."

मामाजींनी घास थांबवला. "अन तिथी झाडाकडे पाह्यत बसन काय दिवसभर?"

"काऊन बसन? थे ट्रेनिंग हाये नं तिथी. तवरक थे करन."

मी दाराआड उभी होते, हातात ताकाचा तांब्या. बाईंनी माझ्यापाशी या बेताचा एक शब्दही काढला नव्हता. दोन वर्षं माझ्या बोलण्याला सुपारीनं उत्तर देणारे मामाजी आता चांगलेच पेचात सापडले होते. सुनेला नाही म्हणणं सोपं होतं, पण झाड फौजेतल्या लेकाचं, आणि लेकानं फूल मागितलेलं. ते बराच वेळ भाकरी चघळत राहिले. मग म्हणाले, "फूल येईस्तोवर. फूल आलं की झाड बी घरी अन सूनबाई बी घरी."

"फूल येईस्तोवर," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या ताटात भाजी वाढली.

जूनमध्ये मी ओंडक्यासकट ते झाड मांडीवर घेऊन एसटीत बसले. राजूर घाट चढून गाडी वर आली तसा खिडकीतून गार वारा आला आणि मी मोठ्यानं श्वास घेतला. कंडक्टरनं मांडीवरल्या बांडगुळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तिकीट देऊन पुढे गेला.

बाईंची बहीण विधवा होती, मायाळू आणि अंमळ बहिरी; मी तिला मावशी म्हणे. तिच्या अंगणात कडुनिंब होता, त्याच्या खालच्या फांदीला मी झाड टांगलं. ट्रेनिंगमध्ये माझे दिवस कसे गेले ते सांगायला लागले तर हे लिखाण संपायचं नाही. फळ्यावर सरळ ओळीत लिहायला शिकले, पाठाचं टाचण काढायला शिकले, चाळीस पोरं एका नजरेनं गप्प करायला शिकले. ही विद्या पुढे सासरीही उपयोगी पडली. मी सुखात होते. फक्त एक गोष्ट डोक्यातून जात नव्हती. ट्रेनिंग दोन वर्षांचं होतं आणि झाडाला फुलायला एक हिवाळा पुरणार होता.

पावसाळ्यात त्यानं नव्या कांड्या धरल्या. दसऱ्यानंतर मी पाणी तोडलं. बुलढाण्याची थंडी उतरली, दुपारी ऊन चटके द्यायचं आणि सूर्य कलला की हातपाय गारठायचे. झाडाची पानं पिवळी होऊन एकेक गळू लागली. दिरांनी सांगितलं होतं तस्संच. पान गळलं की मला आनंद व्हायचा आणि भीतीही वाटायची. ते झाड जितकं चांगलं गारठेल तितकी मी लवकर घरी जाणार होते.

पौषात एका संध्याकाळी फार गारठा पडला. मी स्टुलावर चढून झाड खाली काढलं आणि घरात आणलं. मावशींनी शेगडी पेटवली होती. ते झाड तिच्याजवळ ठेवलं असतं, रोज तांब्याभर पाणी घातलं असतं, तर झालं असतं. पुन्हा पिल्लं फुटली असती, फूल टळलं असतं आणि कुणाला कळलंही नसतं. शेगडीजवळ मी झाड हातात घेऊन उभी राहिले. मग मला विहिरीच्या काठावर हसणाऱ्या बाई दिसल्या. ज्या बाईनं मला इथवर पाठवलं तिचंच फूल मारून मी मास्तरीण होणार? स्वतःचीच चीड आली. मी बाहेर गेले आणि झाड परत फांदीला टांगलं. त्यानंतर त्याला पुन्हा आत आणलं नाही.

पुढे उघड्याबोडक्या कांड्यांच्या पेरांवर बारीक डोळे फुगले. पिल्लू की कळी, हे काही दिवस सांगता येईना. मग ते डोळे लांबट झाले, टोकाला जांभळी झाक आली, आणि शिवरात्रीच्या सुमारास सगळं झाड एकदम उघडलं. पान एक नाही, नुसती फुलं. पांढरी पाकळी, कडेला जांभळी, आणि मधोमध गळ्यात काळसर मखमल. सकाळच्या वेळी जवळ गेलं की मंद गोड वास यायचा. मावशी म्हणाल्या, "ह्याच्यासाठी एवढा खटाटोप केला व्हय? मंग बरोबर केला."

मी वडनेरला निरोप धाडला, फक्त बाईंना. नांदुऱ्याकडे जाणाऱ्या ओळखीच्या एका बाईजवळ सांगितलं की सासूबाईंना म्हणावं, मावशींना बरं नाही, येऊन जा. बाई दुसऱ्याच दिवशी आल्या. एकट्या, भाकरीचं गाठोडं घेऊन. फाटकातून आत आल्या आणि बहिणीकडे बघितलंही नाही, सरळ निंबाखाली जाऊन उभ्या राहिल्या.

त्यांना बसायला मी पोतं टाकलं. दुपारभर त्या तिथे बसून होत्या. मध्येच उठून एका फुलाला बोट लावायच्या आणि परत बसायच्या. एकदा म्हणाल्या, "पोरगं खोटं नाही बोलत माहं. काम सोडून पाह्यत राहावं असंच हाये." मी चहा दिला, तो गार होऊन गेला. मामाजींचा शब्द आम्हां दोघींनाही आठवत होता.

उन्हं कलल्यावर त्यांनी विचारलं, "तुहं ट्रेनिंग कधी सरते?"

"पुढच्या उन्हाळ्यात."

बाई उठल्या, लुगड्याची धूळ झटकली. "मंग फूल बी तवाच येईन," असं म्हणून त्या बहिणीला भेटायला आत गेल्या.

होळीला मी घरी गेले तेव्हा मामाजींनी पहिला प्रश्न तोच केला. "आलं काय फूल?" मी तोंड उघडायच्या आत चुलीपासून बाईंचा आवाज आला. "कायचं फूल! पानं झडले नुसते. आनखी एक हिवाळा लागते त्याले." आणि भाकरी थापणं सुरूच. चाळीस वर्षांच्या संसारात ही बाई नवऱ्याशी खोटं बोलल्याचं मला माहीत नव्हतं. पुढे मे महिन्यात दीर रजेवर आले, त्यांनीही विचारलं. मामाजी शेजारीच बसलेले. बाईंनी मुलाच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "नाही आलं बापा." ते हिरमुसले. "जाऊ दे, तुह्यानं नाही होत," असं काहीसं म्हणाले. बाईंनी ते ऐकून घेतलं. मी पाणी आणायचं निमित्त करून बाहेर गेले, मला तिथे थांबवेना.

दुसऱ्या हिवाळ्यात आभाळ भरून राहिलं, ऐन पौषात पाऊस झाला, झाड उघड्यावर भिजलं. फूल आलं नाही, पिल्लंच आली. बाईंचं खोटं खरं ठरलं. माझी परीक्षा झाली, मी पास झाले. मामाजींनी पेढे वाटले आणि सगळ्यांना सांगितलं, "झाडानं काही केलं नाही, सूनबाईनं केलं." यजमानही त्या दिवशी 'हाव'च्या पुढे चार वाक्यं बोलले. पुढे मला जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली, जानेफळला, घाटावर. झाड माझ्याबरोबर आलं. तिथल्या दुसऱ्या हिवाळ्यानंतर ते पुन्हा फुललं, आधीच्याहून जास्त.

मामाजी आणि बाई दोघंही बघायला आले. मामाजी फुलांपुढे हात मागे बांधून बराच वेळ उभे राहिले, मग बाईंना म्हणाले, "पाह्य व, आलं शेवटी. पह्यल्यांदा आलं." बाई पुढे झाल्या, वाकल्या, एका फुलाला बोट लावलं. "हाव," म्हणाल्या, "लय देखनं हाये." माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. सूनबाईनं घरी परतायची अट मामाजींनी काढलीच नाही. गावी परतल्यावर ते फुलाचं सगळ्यांना सांगायचे, दिरांनाही त्यांनीच कळवलं, आणि बाई बाजूला बसून मान डोलवायच्या. नंतर कधी आम्ही दोघीच असतानाही त्यांनी तो विषय काढला नाही. मी एकदा काढायला गेले तर म्हणाल्या, "कोनतं फूल? जानेफळचं?"

आता बाई नाहीत, मामाजीही नाहीत. मी आयुष्यभर शाळेत शिकवलं, पेन्शन खाते, आणि जे काही झाले ते त्या एका खोट्यामुळे झाले. बाई असताना कुणापुढे हे बोलायची मला परवानगी नव्हती, म्हणून इथे लिहिते. फूल पहिल्या हिवाळ्यातच आलं होतं, बुलढाण्याला, आणि ते आमच्या घरात सगळ्यांत आधी बाईंनी पाहिलं होतं.